सर्वानुमते

मान वळली ती आपण वळवली नाही, असं जयवंत नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिला. ती आपोआप वळली. रविवारची सकाळची उपासना, पंख्यांची घरघर, पुढच्या बाकावरच्या बाईच्या केसांतल्या तेलाचा वास, आणि काचेच्या स्टँडमागं उभं राहून बोलणारे पास्टर रूबेन. आवाज नेहमीसारखाच, मऊ, जरा खाली आणलेला. ‘आपल्या या मंडळीत एक बहीण आहे,’ ते म्हणाले. ‘तिनं नवऱ्याला जिन्यावरनं ढकललं. तो खाली पडून कण्हत होता, आणि ही वर उभी राहून बघत होती. पाच मिनिटं. खाली गेली नाही. तिनंच मला सांगितलं, पास्टर, मला त्या वेळी बरं वाटलं. बंधुभगिनींनो, अशी बहीण आज आपल्यात बसून देवाची गाणी गाते.’ आणि मग बाकं करकरली. पन्नास-साठ माना डावीकडे, गायकांच्या बाकाकडे वळल्या. नवऱ्याला सोडून गदगहून माहेरी आलेली आणि त्या बाकावर बसणारी मुलगी एकच होती. स्तुती. जयवंतची एकुलती एक मुलगी. आणि त्या पन्नास-साठ मानांत एक मान त्याचीही होती. स्तुतीनं गाण्याच्या वहीतून वर पाहिलं तेव्हा तिला समोर पहिल्यांदा बापाचाच चेहरा दिसला.

त्याला हे ठाऊक नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी ती एक बॅग आणि सुजलेलं मनगट घेऊन दारात उभी राहिली होती. ‘नाही जमलं, अप्पा,’ एवढंच म्हणाली होती, आणि त्यानं चहा टाकला होता. विचारलं नव्हतं. बायको असती तर तिनं विचारलं असतं, मनगटावर तेल चोळत चोळत सगळं काढून घेतलं असतं. पुरुषाच्या जातीला असलं काही विचारता येत नाही अशी स्वतःची समजूत घालून तो वर्षभर मुलीच्या हातचं जेवत राहिला होता, आणि तिचा आवाज पुन्हा मोकळा होतोय, स्वयंपाकघरात ती पुन्हा गुणगुणायला लागलीय, यातच समाधान मानत राहिला होता. आता ते पायऱ्यांचं, त्या पाच मिनिटांचं त्याला कळलं ते साठ माणसांबरोबर, एकाच वेळी, पंख्याखाली बसून. उपासना संपल्यावर बायका एकेक करून तिच्याजवळ आल्या. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी गालाला हात लावला. ‘आम्ही प्रार्थना करतोय हं तुझ्यासाठी.’ स्तुती सगळ्यांना ‘हो’ म्हणाली.  घरी येऊन साडी बदलली, कुकर लावला, आणि शिट्टी होईपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिली.

‘तुम्हाला माहीत नव्हतं ना?’ ती म्हणाली.

‘नाही.’

‘मी त्यांना एकट्यांना सांगितलं होतं. प्रार्थनेच्या खोलीत. डोळे मिटून.’

‘मी बोलतो,’ जयवंत म्हणाला.

‘कुणाशी?’

तिनं हे टोमण्यानं विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पास्टरशी पास्टरबद्दल बोलायचं? कमिटी म्हणावी तर कमिटीत पास्टरच्या पत्नी, त्यांचा मेहुणा, आणि वर्षाला दोनदा सही करायला येणारा त्यांचा एक मित्र. कुणाशी? तो शब्द आठवडाभर त्याच्या कानात राहिला. तारिहाळच्या कारखान्यात चौतीस वर्षं टर्नर म्हणून काढल्यावर तो आता आठवड्यातून तीन दिवस गोकुळ रोडवरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहायचा. पोलादाचा निळसर कीस वळवळत खाली पडत होता आणि त्याच्या मनात येत होतं, इथं शेडमध्ये सुद्धा सुपरवायझर वेडंवाकडं बोलला तर मालकाकडे जाता येतं. मालक ऐकत नाही ती गोष्ट वेगळी. तारिहाळला युनियन होती. युनियनचा सेक्रेटरी विकला गेलेला होता, पण त्याच्या टेबलासमोर निदान एक खुर्ची होती, आणि त्या खुर्चीवर बसून माणसाला सांगता यायचं की माझ्यावर अन्याय झाला. खुर्ची नसली की अन्याय कुठं ठेवायचा? तो माणूस घरीच घेऊन येतो, आणि मग तो भातात, पाण्यात, आंघोळीच्या बादलीत लागत राहतो.

आणि एके काळी खुर्च्या होत्या. सात होत्या. आजोबा मिरजेहून हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात आले तेव्हा त्यांच्यासारख्याच वीस-पंचवीस मराठी ख्रिस्ती घरांनी क्वार्टर्सच्या मागं पत्र्याचं छप्पर घालून ही मंडळी उभी केली. गावात कन्नड चर्चेस मोठमोठी होती, पण दिवसभर कन्नड बोलणाऱ्या या माणसांना डोळे मिटल्यावर मराठीच सुचायची. मंडळी चालवायला त्यांनी सात वडील, म्हणजे कारभारी, निवडले. दर तीन वर्षांनी चिठ्ठ्या टाकून निवड. पाळक मिरजेकडच्या, सगळ्या मंडळ्यांवरच्या मोठ्या सभेतून पाठवलेला यायचा आणि सात जणांपुढं उत्तर द्यायचा. सातांनी ऐकलं नाही तर मोठ्या सभेला पत्र लिहायचं. जयवंतचे वडील फिटर होते आणि त्या सातांतले एक होते. प्रभुभोजनाच्या रविवारी ते भाकरीचं ताट घेऊन बाकांमधून फिरायचे तेव्हा त्यांच्या नखांखालचं काळं वंगण दिसायचं. शनिवारी कितीही घासलं तरी ते जायचं नाही. जयवंतला लहानपणी त्या नखांची लाज वाटायची. त्याच वयात त्यानं एक गोष्ट पाहिली होती, आणि विसरूनही गेला होता, आणि आता लेथपाशी उभा असताना ती जशीच्या तशी समोर आली. एक पाळक उपदेशात एका विधवेबद्दल बोलायला नको ते बोलला होता. ती बाई आवारातल्या लिंबाखाली येऊन रडली. पुढच्या शनिवारी दुपारी सातही जण बाकं ओढून लिंबाखाली बसले, मधे त्या शिकलेल्या, कोट घातलेल्या पाळकाला बसवलं, आणि वंगणाच्या नखांच्या त्या माणसांनी त्याला विचारलं, साहेब, हे तुम्ही का बोललात? आवाज चढले. एक जण उठून गेला, पुन्हा आला. आणि दुसऱ्या दिवशी उपासनेत तो पाळक उभा राहिला आणि म्हणाला, ‘माझं चुकलं.’ ती बाई तिसऱ्या बाकावर बसली होती. तिनं पदर नीट केला, एवढंच. पण त्यानंतर मरेपर्यंत, वीसेक वर्षं, ती त्याच बाकावर बसत राहिली.

ते सात जण आपणच संपवले, हे आठवायला मात्र जयवंतला काही प्रयत्न करावा लागला नाही. ते कधी विसरलंच नव्हतं. उलट बरीच वर्षं त्याचा त्याला अभिमानच होता. वडील मंडळाच्या बैठका म्हणजे नुसता वैताग. तो स्वतः निवडून आला तेव्हा पंखे छताचे लावायचे की भिंतीचे यावर तीन महिने भांडण चाललं होतं. एक जण दुसऱ्याच्या घरी पाणी पीत नव्हता. त्यात मोठ्या सभेनं पाठवलेला म्हातारा पाळक निवृत्त झाला, आणि पुण्याकडून रूबेन आले. तरुण, हसरे, नाव विसरत नसत. त्याच वर्षी सुलोचना आजारी पडली. अकरा दिवस ती दवाखान्यात होती, आणि अकराही दिवस पास्टर रूबेन तिच्या खाटेशी स्टुलावर बसून राहिले. तिचे पाय चेपले. शेवटी तिला माणूस ओळखू येईना तेव्हा ती त्यांनाच आपला भाऊ समजून माहेरच्या म्हशीबद्दल विचारायची, आणि ते म्हशीबद्दल सांगायचे. वडील मंडळातला एक जण एकदा आला, दहा मिनिटं उभा राहिला, आणि पंख्यांच्या भांडणात जयवंत आपल्या बाजूला आहे ना याची चाचपणी करून गेला. सुलोचनाला मंडळीच्या दफनभूमीत पुरलं, आणि पुढच्या वार्षिक सभेत जयवंतनं उभं राहून ठराव मांडला. त्याचं अक्षर सुरेख म्हणून त्यानंच तो रजिस्टरात लिहिला. वडील मंडळ विसर्जित करावं, मोठ्या सभेशी असलेला संबंध संपवावा, सर्व कारभार पास्टर रूबेन यांच्या हाती सोपवावा. लोकांनी ‘आमेन’ म्हटलं, टाळ्या वाजवल्या. कसं हलकं वाटलं होतं त्या दिवशी! जणू घरातली अडगळ काढून टाकली आणि खोली मोठी झाली.

बुधवारी संध्याकाळी तो पास्टरना भेटायला गेला. त्यांच्या खोलीत एसी होता, टेबलावर कागदी रुमालांची पेटी होती. लोक इथं येऊन रडतात म्हणून ठेवलेली. पास्टर उठून पुढं आले, दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

‘काका, बसा. तुमचीच आठवण काढत होतो.’

‘तुम्ही रविवारी जे बोललात,’ जयवंत म्हणाला. वाटेत जुळवलेली वाक्यं विस्कटली. ‘ते बरं नाही झालं. पोरीनं तुम्हाला विश्वासानं सांगितलेलं.’

‘मी नाव घेतलं का काका?’

‘नाही.’

‘गावाचं नाव घेतलं? घराचं?’

‘नाही. पण—’

‘मग नाव कुणी लावलं? ज्यांच्या माना वळल्या त्यांनी लावलं.’ पास्टर थांबले. त्यांचे डोळे खरोखरच ओले झाले होते. ‘मी उभा होतो ना समोर. मला सगळं दिसतं वरून. तुम्हीही वळलात, काका.’

 एसीची हवा जयवंतच्या टकलावर येत होती. तो म्हणाला, ‘मला तक्रार करायची असली तर कुणाकडे करायची?’

‘माझ्याकडे करा.’

‘तुमच्याबद्दल.’

पास्टर हसले, रागानं नाही, लहान मुलाला हसावं तसे. ‘माझ्यावर प्रभू आहे. त्याच्याकडे करा. चला, आत्ताच करू या.’ आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोच हात, सुलोचनाच्या पायांवरून फिरलेला. त्या हातात जोर नव्हता. तरी खुर्चीवरून उतरून, गालिच्यावर, जयवंत त्या माणसाच्या पायाशी गुडघे टेकून बसला, आणि वरून प्रार्थना येत राहिली, बापाचं मन कोमल कर, बापाचं मन कोमल कर, आणि शेवटी त्याच्याच तोंडून ‘आमेन’ निघालं. बाहेर आल्यावर त्यानं पँटचे गुडघे झटकले. धूळ नव्हती, तरी बराच वेळ झटकत राहिला. 

शुक्रवारी मंडळीच्या ग्रुपवर निरोप आला. स्तुती लोंढे यांना गायनसेवेतून विश्रांती देण्यात येत आहे. त्या आपल्या पतीच्या घरी परत जाईपर्यंत सर्वांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी व संगत टाळावी. खाली हात जोडलेली चित्रं, एकावर एक, चाळीस. स्तुती त्या ग्रुपमध्ये होती. तिनं ती सगळी पाहिली, आणि मग ती ग्रुपमध्ये नव्हती, आणि जयवंतही नव्हता. काढून टाकल्याची ओळ तेवढी त्याच्या मोबाईलवर राहिली. त्यानंतर फोन वाजेनासा झाला. शेजारच्या बाकावर वीस वर्षं बसणारा दानिएल दुर्गदबैलच्या बाजारात, भरगर्दीत, लसणाच्या हातगाडीपाशी समोरासमोर आला, आणि लसूण निवडायचं सोडून एकदम फोन कानाला लावून ‘हां री, हेळरी’, हां, बोला, असं कन्नडमध्ये म्हणत वळला. फोनचा पडदा काळा होता, हे जयवंतला दिसलं. स्तुतीची गायनातली मैत्रीण सायली एकदाच आली, राहिलेला डबा परत द्यायला. आत ये म्हटलं तर चपला न काढताच म्हणाली, ‘नको अक्का, अम्मा खाली गाडीवर थांबलीय.’ खाली गाडी नव्हती. स्तुती खिडकीतून बघत राहिली, सायली कोपऱ्यापर्यंत चालत कशी जाते ते.

‘दुसऱ्या मंडळीत जाऊ,’ जयवंत म्हणाला. ‘कन्नड तर कन्नड.’

‘मी विचारून आले. पत्र लागतं. आधीच्या पास्टरचं, वागणूक चांगली असल्याचं.’

शेवटी तो शमुवेल मास्तरांकडे गेला. शेवटच्या सातांतले, जयवंत सोडून, जिवंत राहिलेले ते एकटेच. धारवाडला मुलाकडे राहत होते, वय चौऱ्याऐंशी. धारवाडला जाणाऱ्या एसी चिगरी बसच्या गार काचेला डोकं टेकून तो निघाला. नवनगर गेलं, विद्यापीठाचा फाटा गेला, शेजारी बसलेली बाई फोनवर कुणाला तरी भाकरीचं पीठ कुठून आणायचं ते सांगत होती, आणि जयवंत मनाशी वाक्यं जुळवत होता. मास्तरांना सगळं आठवत असेल. नियम, पत्रं कशी लिहायची, मोठ्या सभेत कोण असतं. मास्तर काहीतरी काढतील. मास्तर बाहेर कट्ट्यावर उन्हात बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही थांबवलं नाही. ऐकताना त्यांची जीभ कवळीमागं हलत होती.

‘तुझी सुलोचना गेली तेव्हा मी आलो नाही,’ ते म्हणाले. ‘पंख्यांवरून रागावलो होतो. आठवतं?’

‘ते जाऊ द्या मास्तर.’

‘जाऊ दे कसं? आम्ही काही भली माणसं नव्हतो, जयवंत. सातातले चार तरी मूर्ख होते, मला धरून. पण सात मूर्ख एका ठिकाणी बसले की कुणा एकाचं चालत नाही, एवढंच होतं बघ. एवढ्यासाठीच होतो आम्ही. एक बोलायला लागला की दुसरा उगाच आडवा पडायचा.’ ते हसले, मग खोकले. ‘तू ठराव मांडलास तेव्हा मीही सही केली. कंटाळा आला होता रे. म्हटलं, कुणीतरी एक जण बघतोय ना, बघू दे. रविवारी जेवून झोपता तरी येईल.’

‘आता काय करायचं, ते सांगा.’

‘मी पत्र लिहीन. हात कापतो, पण लिहीन. आत्ता लिहितो, आत जाऊन कागद आण.’ जयवंत उठला. तेवढ्यात मास्तर म्हणाले, ‘पण पत्ता काय घालायचा?’

‘म्हणजे?’

‘पाकिटावर. मोठ्या सभेला आपण सोडलं. ते म्हणतील, तुम्ही आमचे कोण? वडील मंडळ नाही. कोर्टात जावं तर कोर्ट म्हणेल, तुमच्याच ठरावानं दिलंय त्यांना सगळं. अक्षर कुणाचं आहे? कुणाच्या नावानं लिहू?’ त्यांनी वर पाहिलं. उन्हानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, किंवा उन्हानं नसेलही. ‘पत्ता सांग, मी लिहितो.’

सून चहा घेऊन आली. दोघांनी तो बशीत ओतून प्यायला. परतताना बसमध्ये जयवंतला एवढंच जाणवत होतं की आपण आयुष्यभर मशीनवर उभे राहिलो, मिलिमीटरच्या शंभरातल्या एका भागाचा फरक बोटाला कळायचा, आणि एवढी मोठी वस्तू हातातून गेली ती कळली नाही. देव होता, तो अजूनही असेल. पण देव आणि आपण यांच्या मधली ती जागा, जिथं माणसं बाकं ओढून बसायची, भांडायची, जिथं कुणीतरी कुणाला विचारायचं, हे का केलंत, ती त्यानं अडगळ म्हणून काढून टाकली होती. आणि त्या मोकळ्या जागेत एकच माणूस उभा होता, त्याची सावली मात्र दारापर्यंत पडलेली.

स्तुती महिनाअखेर गेली. विद्यानगरला दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला होती ती नोकरी सोडून तिनं बेळगावात मुलींच्या एका वसतिगृहात काम धरलं. राहणं-खाणं तिथंच. बॅग तीच, गदगहून आणलेली. जयवंत बसस्टँडवर बरोबर गेला. फलाटावर डिझेलचा वास, भजी तळणाऱ्याची कढई, ‘बेळगावी, बेळगावी, नॉनस्टॉप’ असं ओरडणारा कंडक्टर. तिनं गाण्याची वही घरीच ठेवली होती. त्यानं ती पिशवीतून आणली होती, पण द्यायचं धाडस होईना.

‘तिथं मराठी चर्च आहे,’ तो म्हणाला. ‘कॅम्पात कुठंतरी. चांगलं असेल.’

‘नको अप्पा.’

‘पत्र मी मिळवतो.’

‘नको.’ ती बॅगेची चेन उगाचच उघडझाक करत होती. ‘गदगला मला मारणारा एकच होता. त्याला ढकलता तरी आलं. इथं सगळे मला माफ करतायत. माफ करणाऱ्याला कुठं ढकलायचं?’ मग तिनं त्याचा हात धरला. ‘तुम्ही इथल्या मंडळीत जात जा पण. आई आहे तिथं. तुम्हाला तिच्याशेजारीच जायचंय ना? त्यांनी जागा दिली नाही तर काय करणार?’

हे तिच्याही मनात येऊन गेलंय हे ऐकून त्याला शरम वाटली, कारण रोज हेच त्याच्या मनात येत होतं. दफनभूमीची चावी आणि तिथली परवानगी पास्टरकडे. सुलोचनाच्या डाव्या बाजूची जागा रिकामी होती. मुलगी घरातून जात असताना बापाच्या मनात मातीच्या तेवढ्या तुकड्याची काळजी असावी! बस सुटली. वही पिशवीतच राहिली.

तो जात राहिला. शेवटच्या बाकावर बसायचा. कुणी बोलत नव्हतं. भाकरीचं ताट फिरताना दानिएलनं ते त्याच्या समोरून पुढं नेलं, डोळे खाली घालून. सात रविवार असेच गेले. मग वार्षिक सभेची नोटीस लागली, आणि तिच्यात एकच विषय होता: पास्टर रूबेन यांना तहहयात पाळक म्हणून कायम करावं, आणि त्यांच्या मागं कोण, हेही त्यांनीच ठरवावं. जयवंतनं नोटीस तीनदा वाचली.  आशा वाटावी इतकं काही नव्हतं, पण सभा होती ना! सभेत विचारावं लागतं, बाजूनं कोण, विरुद्ध कोण. कारखान्यात विचारत, युनियनमध्ये विचारत, मूर्ख सात जण पंख्यांसाठी सुद्धा विचारत. तो एकटा का असेना, विरुद्ध म्हणून हात वर करणार होता. काही बदलणार नाही. पण मोजला तर जाईल. एक. आठवडाभर दाढी करताना आरशासमोर तो तो शब्द म्हणून बघत होता. विरुद्ध.  इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून ठेवला.

सभेच्या दिवशी बाकं भरली होती. पास्टरच्या पत्नी पुढं उभ्या राहून मोबाईलवर फोटो काढत होत्या. ठराव मेहुण्यानं वाचला. ‘ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा,’ पास्टर म्हणाले, आणि हात वर झाले, बांगड्यांचे, घड्याळांचे, कोवळे, थरथरते. जयवंतनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तळहातांना बाकाच्या फळीची धार लागत होती. आता. आता विचारतील. हात खाली यायला लागले. पास्टरनी कागद उलटला, चष्मा काढला. ‘प्रभूची स्तुती असो,’ ते म्हणाले. कुणीतरी कीबोर्डच्या खुर्चीवर जाऊन बसलं. जयवंत वाट बघत होता. मग एकदम त्याच्या लक्षात आलं की ते विचारणार नाहीत. विसरले म्हणून नाही. त्या माणसाच्या मनात तो प्रश्नच नव्हता, आणि इथं बसलेल्या कुणाच्याच मनात नव्हता. तो धडपडत उठला आणि त्यानं हात वर केला, सरळ, उंच. ‘पास्टर!’

सगळ्या माना वळल्या. पास्टरनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘जयवंतकाका!’ ते म्हणाले. ‘काय सांगू तुम्हाला, हा एक हात बघायला मी किती प्रार्थना केली! इतकं सगळं सोसून हा भाऊ आज उभा राहिलाय. सर्वानुमते! टाळ्या वाजवा!’

‘नाही, मी—’ जयवंत म्हणाला, पण टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि पाठोपाठ गाणं. हात अजून वरच होता. खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही. दानिएल बाकं ओलांडून आला आणि त्यानं त्याला मिठी मारली. त्याच्या शर्टाला घामाचा आणि नेहमीच्या साबणाचा वास येत होता. ‘बरं केलंस रे, मिटवलंस,’ तो कानात म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. तो खरंच रडत होता. मग आणखी कोण कोण आलं. एका म्हातारीनं दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला. कुणीतरी हातात कागदी कपात चहा दिला. इतक्या आठवड्यांत इथं त्याला कुणी चहा दिला नव्हता. तो म्हणणार होता, ऐका, तसं नाही. पण चहा गरम होता, आलं घातलेला, आणि चहूकडून माणसांचे खांदे त्याला लागत होते. तो प्यायला. सगळा प्यायला. सांगायचं ते उद्या, एकेकाला घरी जाऊन सांगू, असं त्याच्या मनात आलं, आणि हेही कळलं की सांगणार नाही.

घरी येऊन शर्ट काढत होता तेव्हा मोबाईल वाजला. ग्रुपमध्ये त्याला परत घेतलं होतं. फोटो होता, वर लिहिलेलं: सर्वानुमते. सगळे बसलेले, आणि मागच्या बाकावर तो एकटा उभा, हात वर, तोंड उघडं. खाली चाळीस फुलं. तो फोटोकडे बघत असतानाच स्तुतीचा फोन आला. तिच्यामागं वसतिगृहातल्या मुलींचा गलका ऐकू येत होता.

‘सायलीनं पाठवलाय,’ ती म्हणाली. ‘तुम्हीच आहात ना अप्पा?’

‘मी विरुद्ध होतो,’ जयवंत घाईनं म्हणाला. ‘ऐक, मी विरुद्ध म्हणून हात वर केला होता. त्यांनी विचारलंच नाही, म्हणून मी उठून—’

पलीकडे मुलींचा गलका दूर गेला. ती बहुधा बाहेर व्हरांड्यात आली होती.  ती फोटो पुन्हा बघत असावी.

‘फोटोत ते दिसत नाही, अप्पा,’ ती म्हणाली.